तळटीप १७ : ‘त्या वर्षी आमच्या घरी व्हेंटिलेटरच चालू होता’

लेखकाचा रोख यंत्रापेक्षा सिनेमाकडे आहे. राजेश मापुसकर दिग्दर्शित ‘व्हेंटिलेटर’ नोव्हेंबर २०१६ मध्ये आला. गणपती तीन-चार दिवसांवर असताना कोकणातल्या कामेरकरांचे गजाकाका अत्यवस्थ होतात आणि सगळे भाऊबंद मुंबईच्या इस्पितळात गोळा होतात. काळजी काकांची, त्याहून मोठी सुतकाची: काका गेले तर गणपती बसायचा कसा? मग जुने हिशेब, जमिनीचे वाद, बापलेकाचा अबोला (प्रसन्नच्या भूमिकेत जितेंद्र जोशी) सारे त्या बाकड्यांवरच निघते. हसू येते ते यामुळेच. भांडणारे डबे मात्र एकमेकांत वाटून खातात. आशुतोष गोवारीकर यात राजा कामेरकर आहेत. विसर्जन मिरवणुकीतली दादा गणपती-बाबा गणपतीची हरिहर भेट पाहायला दरवर्षी घरी परतणाऱ्या नंदुरबारकराला सुतकाचा हा पेच समजावून सांगावा लागत नाही. लेखकाने सिनेमाला ‘विनोदी’ म्हटले आहे, ते अर्धेच खरे; शेवटचा अर्धा तास रुमाल लागतो. उत्कृष्ट दिग्दर्शनासह तीन राष्ट्रीय पुरस्कार त्याला मिळाले. निर्मिती प्रियांका चोप्रा यांच्या संस्थेची. — संपा.