बांधलेलं इंजिन आणि उस्तादांची जबाबदारी

आमच्या आसेगावात गॅरेजवाल्या मिस्त्रीलाही उस्तादच म्हणतात. शायरीतल्या गुरूला म्हणतो तसंच. अशाच एका उस्तादांनी माझ्या चुलतभावाच्या जीपचं इंजिन बांधून दिलं. नवे पिस्टन, रिंगा, बेअरिंग घालून. महिन्याभरात ते जाम झालं. उस्ताद म्हणाले, ‘‘पार्ट तर तुम्हीच आणले होते, भाई.’’ पावती नव्हती. भाऊ गप्प बसला.

कायदा मात्र या बाबतीत फार पूर्वीच बोलला आहे. १८७२ च्या करार कायद्यानुसार दुरुस्तीला दिलेली वस्तू ही विश्वासानं सोपवलेली असते. शहाणा माणूस स्वतःच्या वस्तूला जपेल, तितकं कारागिरानं तिला जपावं. मजुरीपोटी गाडी अडवण्याचा हक्कही त्याला आहे, पण काम ठरल्याप्रमाणे केलं असेल तरच! आता यासाठी दिवाणी दावा लावायचा कोणी?

१९७४ मध्ये पुण्यात बिंदुमाधव जोशींनी ग्राहक पंचायत उभी केली. १९८६ चा ग्राहक संरक्षण कायदा आला आणि बिघडलेली दुरुस्ती ‘सेवेतील त्रुटी’ म्हणून मांडता येऊ लागली. २००२ च्या दुरुस्तीनं व्यापारासाठी घेतलेली सेवा त्यातून वगळली; पण स्वतः गाडी चालवून पोट भरणाऱ्याला ग्राहकच मानलं. २०१९ च्या कायद्यातही व्यापारासाठी घेतलेली सेवा वगळलेलीच आहे. तक्रार दोन वर्षांच्या आत करायची.

अर्थात, ऑईल नसताना गाडी पळवली तर उस्तादांचा काय दोष? म्हणून बंद पडलेलं इंजिन त्यांच्यासमोरच खोलावं, जुने पार्ट जपून ठेवावेत. आमच्या भावानं ते पिस्टन भंगारात विकून टाकले होते.