खडकीची लढाई : जिंकलेला, पण न मिरवला जाणारा सन्मान

पुणे - पेशवाईचे भवितव्य ठरविणारी लढाई आजच्या पुणे शहराच्या हद्दीलगतच, गणेशखिंड आणि खडकी यांमधील मैदानावर ५ नोव्हेंबर १८१७ रोजी दुपारनंतर झाली आणि अंधार पडेपर्यंत संपलीही. दुसरे बाजीराव पर्वतीवरून ती पाहत होते.

सेनापती बापू गोखले यांच्याकडे सुमारे १८ हजार घोडदळ, आठ हजार पायदळ आणि १४ तोफा होत्या. समोर लेफ्टनंट कर्नल बर यांच्या हाताखाली जेमतेम तीन हजार सैनिक होते. त्यात मुंबईची गोरी पलटण होती. बाकी सारे एतद्देशीय शिपाई. संगमावरची रेसिडेन्सी सोडून एल्फिन्स्टन याच फौजेला येऊन मिळाला होता. त्याने ती सोडताच मराठ्यांनी ती जाळून टाकली.

लढाईचा निर्णायक क्षण एकच होता. पेशव्यांच्या पिंटो या पोर्तुगीज अधिकाऱ्याच्या पलटणीवर तुटून पडताना इंग्रजांकडील सातव्या रेजिमेंटचे शिपाई आपली रांग सोडून पुढे गेले. ती फट हेरून गोखल्यांनी सुमारे सहा हजार निवडक स्वार सोडले. हेरलेला क्षण अचूक होता. पण वाटेत दलदल निघाली. इंग्रजांनाही तिची कल्पना नव्हती. घोडे चिखलात रुतले, मागचे पुढच्यांवर आदळले आणि तेवढ्यात सावरलेल्या पायदळाने जवळून एकसाथ गोळीबार केला. मोरो दीक्षित याच लढाईत पडले. मराठ्यांचे सुमारे पाचशे जण मृत वा जखमी झाले, इंग्रजांचे ८६. त्यांतही बहुतेक एतद्देशीयच. १७ नोव्हेंबरला शनिवारवाड्यावर इंग्रजांचे निशाण लागले.

या विजयाबद्दल कंपनीने आपल्या पलटणींना 'किर्की' हा युद्धसन्मान दिला. मात्र देशी सत्तांविरुद्ध मिळविलेले असे सन्मान स्वातंत्र्योत्तर भारतीय सैन्याने त्याज्य ठरविले असून, त्यांचा स्मरणदिन पाळला जात नाही. संघटना म्हणून पाहिले तर भारतीय पायदळातील अनेक जुन्या बटालियन कंपनीच्याच पलटणींतून घडल्या आहेत. त्यामुळे वारसा आणि अभिमान यांची इथे सरळ जुळणी होत नाही.

मराठा लाइट इन्फन्ट्रीचे उदाहरण यादृष्टीने बोलके आहे. तिच्या सर्वांत जुन्या बटालियनची उभारणी १७६८ मध्ये कंपनीच्या मुंबई शिपायांची पलटण म्हणून झाली. रेजिमेंटचा 'मराठा दिवस' मात्र ४ फेब्रुवारीला असतो. १६७० मध्ये तानाजी मालुसरे यांच्या मावळ्यांनी, म्हणजे पायदळानेच, कोंढाणा सर केल्याचा तो दिवस. रेजिमेंटची युद्धघोषणाही शिवछत्रपतींच्या नावाचीच आहे.