एका ‘ग’काराची कथा

स्पॅनिश भाषा शिकू लागलेल्या विद्यार्थ्याची खरी दमछाक होते ती क्रियापदांच्या एका विशिष्ट अर्थापाशी. जे घडते ते सांगण्याऐवजी जे घडावे, घडू नये, किंवा कदाचित घडेल, ते व्यक्त करणारी ही रूपे होत. मराठीतील ‘यावे’, ‘असावे’ या विध्यर्थी रूपांशी त्यांचे काम पुष्कळसे जुळते. आन्तोनिओ दे नेब्रिहा या पंडिताने 1492 साली कॅस्टिलियन भाषेचे व्याकरण प्रसिद्ध केले, तेव्हा लॅटिन परंपरेस अनुसरून त्याने या अर्थाला स्वतंत्र स्थान दिले.

या रूपांपैकी कित्येक अनियमित आहेत. परंतु अनियमितपणालाही स्वतःचा इतिहास असतो. ‘म्हणणे’ या क्रियापदाचे लॅटिन रूप ‘दीकाम’. दोन स्वरांमधील ‘क’ मृदू होऊन त्याचे स्पॅनिशमध्ये ‘दीगा’ झाले. स्पेनमध्ये दूरध्वनी उचलणारा मनुष्य आजही ‘दीगा’, म्हणजे ‘बोला’, असे म्हणतो. येथील ‘ग’ वारसाहक्काने आलेला आहे.

‘पडणे’ आणि ‘ऐकणे’ या क्रियापदांना मात्र असा वारसा नव्हता. त्यांची मध्ययुगीन रूपे ‘काया’ आणि ‘ओया’ अशी होती. ‘दीगा’, ‘तेंगा’ यांसारखी रूपे नित्य तोंडी असल्यामुळे लोकांनी त्याच धर्तीवर ‘काइगा’ व ‘ओइगा’ म्हणण्यास प्रारंभ केला. काही काळ जुनी व नवी रूपे शेजारी शेजारी नांदली. पुढे सोळाव्या-सतराव्या शतकांत नव्यांनी जुन्यांना हुसकावून लावले. हा बदल अटळ होता असेही नाही. गोव्यात 1961 पर्यंत राज्यकारभाराची भाषा असलेल्या पोर्तुगीजमध्ये ‘पडणे’चे हे रूप अद्यापि ‘ग’काराविनाच आहे.

‘असणे’ या अर्थाच्या सहायक क्रियापदाचे रूप ‘आया’. ‘काया’चे ‘काइगा’ झाले, तर ‘आया’चे ‘आइगा’ का होऊ नये? सामान्य जनांनी तेही केले. स्पेनच्या खेड्यापाड्यांत आणि अमेरिकेतील स्पॅनिश भाषिक देशांत ‘आइगा’ सर्रास ऐकू येते. मात्र शिष्टांनी ते स्वीकारले नाही. 1713 साली स्थापन झालेल्या राजकीय अकादमीने 2005 साली प्रसिद्ध केलेल्या शंकाकोशातही ते टाळावे असाच निर्णय आहे.

या तिरस्कारातून एक विनोदी शब्दही जन्मला. यादवी युद्धानंतरच्या काळात अल्पशिक्षित नवश्रीमंत दुकानात जाऊन ‘असेल नसेल ती सर्वांत मोठी मोटार द्या’ अशी मागणी करताना ‘आइगा’ म्हणत, अशी आख्यायिका सांगितली जाते. त्यावरून डामडौलाच्या अवाढव्य अमेरिकन मोटारीलाच ‘आइगा’ हे नाव पडले, आणि या अर्थाने तो शब्द अकादमीच्या कोशातही विराजमान झाला.

ज्या प्रवृत्तीने ‘काइगा’ घडविले, तिनेच ‘आइगा’ही घडविले. पहिले रूप लेखकांच्या लेखणीत शिरले म्हणून शुद्ध ठरले. दुसरे शेतकऱ्यांच्या व मजुरांच्या मुखी राहिले म्हणून अशुद्ध. ‘आइगा’ म्हणणाऱ्या शेतकऱ्याला अडाणी म्हणून हसणारा सुशिक्षित स्वतः ‘काइगा’ म्हणतो, तेव्हा अशाच एका जुन्या ‘चुकी’चा तो वारसदार असतो, याचे स्मरण त्यास क्वचितच असते.