कॉफीचे फडके आणि फिल्टर

भगिनींनो, इतिहास म्हटला की आपल्याला गडकोट आणि लढाया आठवतात. पण स्वयंपाकघराच्या फळीवरही थोडाफार इतिहास मांडलेला असतो. आज त्यातलेच एक भांडे खाली काढते.

१९७१ साली लग्न होऊन मी पनवेलीस आले. तेव्हा आपला जिल्हा कुलाबा होता. घरात चहा रोजचा. कॉफी मात्र एकादशीला, नाहीतर पाहुण्यांसाठी. सासूबाई पातेल्यात पूड चांगली खळखळ उकळीत, जायफळ किसून घालीत आणि फडक्याने गाळीत. पहिली कॉफी बैठकीत जाई. मग चोथ्यावर पुन्हा पाणी उकळून आम्हा दोघींची होई. ती कडू लागे. कॉफी कडूच असते, अशी माझी कितीतरी वर्षे समजूत होती!

बाबा बुदन यांनी सतराव्या शतकात मोख्याहून सात बिया आणून चिकमगळूरच्या डोंगरात लावल्या, अशी परंपरा आहे. मुंबईत चर्चगेटला १९३६ साली इंडिया कॉफी हाऊस निघाले. माटुंग्याच्या दक्षिणी बिऱ्हाडांतून तर पितळी फिल्टर घरोघर होता. तिकडे जर्मनीत ड्रेस्डेनच्या मेलिटा बेंट्झ या गृहिणीने १९०८ साली भोके पाडलेल्या पितळी भांड्यात मुलाच्या वहीतला टीपकागद घालून कॉफी गाळली आणि त्याचे पेटंटही घेतले. आपल्या फडक्याचीच ही बहीण. पण तिचे नाव इतिहासात राहिले.

पुढे मीही माटुंग्याहून फिल्टर आणला, तेव्हा कडूपणाचे कोडे उलगडले. पुडीतला सुवास व गोडवा आधी पाण्यात उतरतो, कडूपणा मागाहून. म्हणून उपकरणाचे खरे काम एकच: पाणी आणि पूड वेळेवर वेगळी करणे.

निवडताना एवढे पाहावे. फिल्टर घरातल्या माणसांच्या बेताचा असावा. मोठ्यात थोडी पूड घातली तर पाणी भरभर उतरते आणि कॉफी पाणचट होते. पितळी घेतल्यास कल्हई हवी. स्टीलला ती कटकट नाही. पूड फार बारीक असेल तर छिद्रे बुजतात. पाकिटावर चिकोरीचे प्रमाण छापलेले असते, ते वाचावे. चिकोरीने रंग व दाटपणा येतो, सुवास नव्हे. हल्लीची विजेची यंत्रे सोयीची खरी, पण शिळ्या पुडीला तीही काही करू शकत नाहीत. तेव्हा पूड थोडीथोडी, ताजी आणावी.

त्या फिल्टरची पहिली कॉफी मी बैठकीत नेली नाही, सासूबाईंच्या हाती दिली. त्या घोटभर प्यायल्या आणि म्हणाल्या, "अगं, ही तर कडू नाही!" चाळीस वर्षे त्यांनी घराला कॉफी पाजली होती.

भगिनींनो, भांडे कोणतेही घ्या. चोथ्याची कॉफी मात्र आता कुणाच्याच वाट्याला नको.