मुके सोबती, बोलके सोबती

संगणकीय खेळांना वाङ्मयविचारात जागा द्यावी काय? अद्भुतरम्य भूमिका-खेळांपुरते तरी उत्तर होकारार्थी द्यावे, असे आम्हांस वाटते. सोबत्यांच्या चमूची कथा कोणी बोलायची, हा जुना वाङ्मयीन प्रश्न या खेळांनी परस्परविरुद्ध रीतींनी हाताळला आहे.

1981 साली अँड्र्यू ग्रीनबर्ग आणि रॉबर्ट वुडहेड यांचा ‘विझर्ड्री’ आला. त्यात खेळणाऱ्याने सहापर्यंत पात्रे स्वतः घडवायची, त्यांना नावे द्यायची आणि दहा मजली भुयारात उतरायचे. ही पात्रे मुकी; पडद्यावर त्यांची केवळ नावे आणि आकडे. सारा चमू भुयारात मेला, तर त्यांचे देह आणावयास दुसरा चमू पाठवावा लागे. पात्रांची चरित्रे मात्र खेळणाऱ्याच्या मनातच रचली जात.

1998 च्या ‘बाल्डर्स गेट’मध्ये नायक खेळणाऱ्याचा, पण सोबती लेखकांनी लिहिलेले. एडविन हा मांत्रिक डायनाहिरच्या वधासाठी साहाय्य मागतो, तर मिन्स्क तिच्या रक्षणास बांधलेला. 2023 च्या ‘बाल्डर्स गेट 3’मध्ये चमू सहांवरून चौघांवर आला, पण सोबत्यांचे सारे संवाद नटांच्या आवाजात आले, त्यांना सविस्तर भूतकाळ मिळाला. लेझेल आणि शॅडोहार्ट यांचे वैर विकोपास गेले, तर एकीचा जीवही जाऊ शकतो. कादंबरीला हेवा वाटावा, असा हा बहुस्वर आहे.

त्याची किंमत कोणती, हे आमच्या चांदूर बाजाराजवळच्या रिद्धपुराकडे पाहिले असता उमगते. म्हाइंभटांनी तेराव्या शतकात चक्रधरस्वामींच्या सहवासातील मंडळींच्या आठवणी मिळवून ‘लीळाचरित्र’ सिद्ध केले. श्रद्धाग्रंथाची खेळाशी बरोबरी आम्ही करीत नाही; कथनरीतीपुरतेच बोलतो. त्या ग्रंथात सोबत्यांना आवाज मिळाला, तो मराठीत.

‘विझर्ड्री’तील मुका सोबती खेळणाऱ्याच्या मनात वऱ्हाडीही बोलू शकत होता. आजचा बोलका सोबती इंग्रजी बोलतो; त्याच्या संवादांच्या अधिकृत भाषांतरांत मराठी नाही. मौनातील रिकामी जागा भरून निघाली, पण ती आपल्या भाषेने नव्हे.

म्हणून जुने श्रेष्ठ की नवे, या वादात आम्हांस रस नाही. नव्या खेळांनी पात्रांना स्वत्व दिले, हे निःसंशय. मात्र ते स्वत्व मराठीत कोण लिहिणार, हा प्रश्न मराठीच्या वर्गाने आपला मानावयास हवा.