थरावर थर

गेल्या दिवाळीत घरी एक प्रसंग घडला आणि तेव्हापासून एक प्रश्न डोक्यात घोळतोय. आज रविवार आहे, बाहेर पाऊस आहे, म्हटलं लिहूनच टाकूया एकदाचं.

तर झालं असं. ताईला भाऊबीजेला मिक्सर द्यायचा होता. छापील किंमत ५,००० रुपये. सेलमध्ये तो आला ४,५०० ला. कूपन कोड टाकून २०० गेले. एका ठराविक कार्डावर १० टक्के सूट होती, ते कार्ड माझ्याकडे होतंच. शिवाय थेट दुकानाच्या साइटवर न जाता एका कॅशबॅक पोर्टलवरून गेलो, त्याचे सव्वाशे-दीडशे परत. वर कार्डाचे पॉइंट्स. सगळं धरून मिक्सर पडला ३,७०० च्या आसपास. चार-पाच थर लावून हंडी फोडली होती म्हणा ना! एक्सेल शीटमध्ये ओळ भरली आणि मोठ्या फुशारकीने अण्णांना, म्हणजे वडिलांना, सांगितलं.

आता गंमत अशी की अण्णांचं कराडजवळच्या आमच्या गावात मिक्सर-पंख्यांचंच दुकान आहे. त्यांनी बिल पाहिलं, चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाले, "एवढ्याला तर मला होलसेलवाला पण देत नाही रे." मग जरा थांबून, "बाकीचे पैसे भरले कोणी?"

"कंपनीने," मी म्हटलं.

"कुठल्या कंपनीने?"

आता आली का पंचाईत! रोज कोडमधले बग शोधणारा मी, पण या साध्या प्रश्नावर गप्प बसलो. त्यानंतरचे बरेच वीकेंड मी याचा इतिहास खणत बसलो. तो बहुतेक सगळा अमेरिकेतला आहे, आणि भलताच मजेशीर आहे.

सुरुवात कार्डाने होत नाही, होते चिकटवायच्या तिकिटांनी. १८९६ साली स्पेरी आणि हचिन्सन या दोघांनी एक कंपनी काढली. ती दुकानदारांना छोटी हिरवी तिकिटं विकायची. दुकानदार ती गिऱ्हाइकाला फुकट द्यायचा, साधारण १० सेंटच्या खरेदीवर एक. गिऱ्हाईक ती घरी नेऊन वहीत चिकटवायचं. १,२०० तिकिटांची वही भरली की कंपनीच्या केंद्रात जायचं आणि वह्या देऊन टोस्टर, दिवा, चादरी असं काहीबाही घेऊन यायचं. आपल्याकडे बोहारणीला जुने कपडे देऊन भांडी घेतात तसंच काहीसं, फक्त इथे घासाघीस नाही, छापील कॅटलॉग. १९६० च्या दशकात या 'ग्रीन स्टॅम्प्स'चं इतकं वेड होतं की कंपनी टपाल खात्यापेक्षा जास्त तिकिटं छापते असं म्हटलं जायचं.

पण दुकानदाराला ही तिकिटं विकत घ्यावी लागत. खर्च विक्रीच्या साधारण दोन टक्के. हा दोन टक्क्यांचा आकडा लक्षात ठेवा, पुढे परत भेटणार आहे. सुरुवातीला ज्याच्याकडे तिकिटं त्याच्याकडे गर्दी, तेव्हा हा खर्च परवडे. पण समोरचा दुकानदारही तिकिटं द्यायला लागला की गर्दी पुन्हा वाटली गेली आणि दोन टक्के मात्र दोघांच्याही मानगुटीवर बसले. मग ते शेवटी भावात चढणार, दुसरं काय! १९६६ मध्ये डेन्व्हरच्या गृहिणींनी महागाईविरुद्ध सुपरमार्केटांवर बहिष्कार टाकला, तेव्हा तिकिटं आणि बक्षिसांचे खेळ बंद करा, भाव उतरवा, हीसुद्धा त्यांची मागणी होती. अण्णांचा प्रश्न त्या बायकांनी साठ वर्षांपूर्वीच विचारला होता तर!

दरम्यान कार्ड आलं होतं. १९५० मध्ये डायनर्स क्लब. १९५८ मध्ये बँक ऑफ अमेरिकाने कॅलिफोर्नियातल्या फ्रेस्नो शहरात सुमारे ६०,००० कार्डं लोकांनी न मागताच टपालाने घरोघर पाठवून दिली (त्याचंच पुढे १९७६ मध्ये 'व्हिसा' झालं). कार्डाचं गणित तिकिटासारखंच होतं. गिऱ्हाइकाने १०० रुपये दिले की दुकानदाराच्या हातात ९८ च्या आसपास पडतात. मधल्या रकमेतला मोठा वाटा ज्या बँकेने कार्ड दिलं तिला जातो. त्याला म्हणतात इंटरचेंज. आले की नाही ते दोन टक्के परत?

या इंटरचेंजमधला तुकडा गिऱ्हाइकाला परत द्यायची कल्पना मोठ्या प्रमाणावर रुजवली 'डिस्कव्हर' कार्डाने, १९८६ च्या सुमारास. वार्षिक फी नाही, उलट खर्चावर एक टक्क्यापर्यंत पैसे परत. दुसरीकडे १९७८ मध्ये अमेरिकेत विमानकंपन्यांवरचे भाड्याचे निर्बंध उठले, स्पर्धा पेटली आणि १९८१ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सने माइल्सची योजना काढली. १९८७ मध्ये सिटीबँकेने तिला कार्ड जोडलं. म्हणजे किराणा घ्या आणि विमानात बसा. दोन वेगळे थर एकमेकांवर उभे राहिले, आणि ते पाहून आपल्यासारख्या लोकांच्या डोळ्यांत चमक आली.

आपल्यासारखे लोक म्हणजे कोण? तर डेव्हिड फिलिप्स. हा माझा हिरो! डेव्हिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात काम करणारा सिव्हिल इंजिनिअर. १९९९ मध्ये 'हेल्दी चॉइस' या खाद्यपदार्थांच्या ब्रँडने ऑफर काढली: १० बारकोड पाठवा, ५०० माइल्स मिळवा. मे अखेरपर्यंत पाठवलेत तर दुप्पट, १,०००. फिलिप्सने त्या ब्रँडची सगळ्यात स्वस्त वस्तू शोधली. ती निघाली २५ सेंटची पुडिंगची वाटी, आणि प्रत्येक वाटीवर स्वतंत्र बारकोड! म्हणजे अडीच डॉलरला १,००० माइल्स. तेव्हा अमेरिकेतल्या अमेरिकेत जाऊन-येऊन तिकीट मिळायचं २५,००० माइल्सला. हिशोब करा, साडेबासष्ट डॉलरला विमानप्रवास!

पठ्ठ्याने १२,१५० वाट्या घेतल्या. दुकानात कोणी विचारलं तर सांगायचा, वायटूकेसाठी साठा करतोय. (ज्या वायटूकेने आपल्या पुण्या-मुंबईच्या कितीतरी इंजिनिअरांना अमेरिकेचा व्हिसा मिळवून दिला, त्याचा हाही एक उपयोग :) ) पण एवढ्या वाट्यांचे बारकोड मुदतीत सोलणार कोण? त्याने साल्व्हेशन आर्मीला पुडिंग दान केलं, त्यांच्या स्वयंसेवकांनी बारकोड काढून दिले. वर त्या दानावर ८१५ डॉलरची करवजावट. एकूण खर्च ३,१४० डॉलर, मिळकत सुमारे साडेबारा लाख माइल्स. २००२ च्या 'पंच-ड्रंक लव्ह' या सिनेमातलं पुडिंगचं प्रकरण यावरूनच घेतलंय.

यात फसवणूक काही नव्हती. नियम कंपनीनेच लिहिले होते, फिलिप्सने ते नीट वाचले. आपण टेस्टिंगमध्ये 'एज केस' म्हणतो ना, तो त्याने शोधला, इतकंच.

दुसरा किस्सा याहून भारी. अमेरिकी टांकसाळीला एक डॉलरची नाणी चलनात खेळवायची होती. म्हणून २००८ मध्ये योजना निघाली: नाणी दर्शनी किमतीला घ्या, पोस्टाचा खर्च आमचा. आणि क्रेडिट कार्ड चालेल! लोकांनी काय करावं? हजारो डॉलरची नाणी कार्डावर मागवली, खोकी तशीच बँकेत नेऊन भरली, त्याच पैशांनी कार्डाचं बिल फेडलं आणि माइल्स खिशात घातले. टांकसाळीने मर्यादा घातल्या, आणि शेवटी जुलै २०११ मध्ये कार्डावर नाणी देणं बंद केलं. इथे मात्र मी थबकलो. कार्डाची फी आणि पोस्टेज टांकसाळीने भरलं, म्हणजे सरकारने. त्या फुकटच्या विमानप्रवासाचा वाटा कार्ड नसलेल्या माणसानेही उचलला.

तिसरा थर इंटरनेटचा. १९९६ मध्ये अॅमेझॉनने गिऱ्हाईक पाठवणाऱ्या साइटला कमिशन द्यायला सुरुवात केली. १९९८ मध्ये स्थापन झालेल्या 'ईबेट्स'ने त्या कल्पनेवरून धंदा उभा केला: तुम्ही आमच्यामार्फत जा, दुकान आम्हाला कमिशन देईल, त्यातलं अर्धंमुर्धं आम्ही तुम्हाला देऊ. २०१४ मध्ये जपानच्या राकुतेनने ही कंपनी सुमारे १०० कोटी डॉलरला घेतली. आपल्याकडे 'कॅशकरो' २०१३ ला आलं. आत तंत्रज्ञान म्हणाल तर साधंच. तुमच्या ब्राउझरमध्ये एक कुकी बसते आणि बहुतेक ठिकाणी शेवटची कुकी ज्याची, त्याला कमिशन. म्हणून तर मधेच दुसरा टॅब उघडून कूपन शोधलं की कॅशबॅक 'ट्रॅक' होत नाही. हा शोध मी स्वतःचे साडेचारशे रुपये घालवून लावलाय.

तर अण्णा, पैसे भरतं कोण? थरानुसार उत्तर वेगळं. सेलची सूट बहुतेक ब्रँड आणि साइट मिळून देतात. पोर्टलचा कॅशबॅक विकणाऱ्याच्या जाहिरातखर्चातून येतो. कार्डाचे पॉइंट्स इंटरचेंजमधून आणि जे लोक बिल पूर्ण भरत नाहीत त्यांच्या व्याजातून, आणि आपल्याकडे ते व्याज वर्षाला ४० टक्क्यांच्या आसपास जाऊ शकतं. माझ्या चार पॉइंटांमागे कुठेतरी कोणाचा तरी थकलेला हप्ता असतो.

आणि इंटरचेंज? २०१० मध्ये बोस्टनच्या फेडरल रिझर्व्ह बँकेतल्या अर्थतज्ज्ञांनी हिशोब मांडला. दुकानात भाव सगळ्यांना एकच, पण कार्डवाल्याला त्यातलं काही परत मिळतं, रोखवाल्याला नाही. त्यांच्या अंदाजाने रोखीने व्यवहार करणारं सरासरी कुटुंब वर्षाला १४९ डॉलर कार्डवाल्यांकडे सरकवतं, आणि कार्डवाल्या सरासरी कुटुंबाला १,१३३ डॉलर मिळतात. कार्डवाले बहुधा जास्त कमावणारे, रोखवाले कमी कमावणारे. म्हणजे पाणी वाहतंय ते खालून वर! ऑस्ट्रेलियाने २००३ मध्ये इंटरचेंज उतरवलं, युरोपियन युनियनने २०१५ मध्ये क्रेडिट कार्डावर ०.३ टक्क्यांची मर्यादा घातली. तिथली बक्षिसं आपोआप आटली. आपल्याकडे २०२० पासून नेहमीच्या यूपीआय व्यवहारावर दुकानदाराला फी नाही, म्हणून तर चहावाल्याकडेही क्यूआर कोड दिसतो.

हे सगळं मी पुढच्या खेपेला अण्णांना ऐकवलं. ते पुडिंगवाल्यावर खूप हसले. मग म्हणाले, "म्हणजे मीच भरले की रे. थोडे मी, थोडे आपल्या रोखीच्या गिऱ्हाइकाने." त्यांच्याकडे कार्डाचं मशीन आहे. आठ टक्क्यांवर विकलेल्या पंख्यातले जवळपास दोन टक्के त्यात जातात, आणि कार्ड पुढे करणारा बहुतेक वेळा माझ्यासारखाच पुण्याहून सुटीला आलेला पोरगा असतो.

मी कार्डं मोडली का? नाही. खोटं कशाला बोलू, एक्सेल शीट अजून आहे. मोठ्या साइटवर घेताना थर लावतोच. पण छोट्या दुकानात आता यूपीआय किंवा रोख. तिथले दोन टक्के कोणाच्या खिशातले आहेत ते मला चेहऱ्यानिशी माहीत आहे.

असो. ताईच्या मिक्सरचा कपलर मार्चमध्ये तुटला. साइटवर तक्रार टाकली, दहा दिवस नुसते मेसेज. शेवटी ती मिक्सर घेऊन गावी गेली. अण्णांनी दुकानात बसून पाच मिनिटांत नवा कपलर बसवला आणि सवयीने बिलबुकात लिहिलं, ४० रुपये. मग ते खोडलं.