कासवाचें पिलूं आणि कासवीची दृष्टि

महाराष्ट्रांतील मुलाची कासवाशीं पहिली ओळख बहुधा देवळांत होते, आणि तें कासव दगडाचें असतें. शंकराच्या किंवा देवीच्या सन्मुख फरशींत बसविलेल्या या कासवाला हात लावून भाविक पुढें जातात. कोल्हापूरच्या श्रीअंबाबाईच्या देवळांत तर कासवाच्या नांवाचा एक चौकच आहे. नोव्हेंबरच्या ९ तारखेच्या सुमारास, आणि पुन्हां जानेवारी सरतां-सरतां, तेथें किरणोत्सव होतो. मावळत्या सूर्याचे किरण महाद्वारांतून आंत येतात आणि गरुडमंडप, गणपतीचा चौक व कासवचौक ओलांडून देवीच्या मूर्तीकडे जातात. त्या दिवसांत किरण कासवचौकापर्यंत आले कीं पुढें गेले, याची चौकशी गांवांत घरोघर चालते. दगडाच्या कासवाला हें ऊन मिळालें काय आणि न मिळालें काय, दोन्ही सारखेंच. परंतु कासवाला कांहींच लागत नाहीं, ही समजूत जिवंत कासवाच्या बाबतींतहि रूढ झाली, आणि तिच्यापायीं घरांत पाळलेलीं असंख्य पिलें प्राणास मुकलीं. कासवाचा सांभाळ कसा करावा या ज्ञानाचा इतिहास म्हणजे ही समजूत हळूहळू कशी मोडली याचाच इतिहास होय.

आपल्या परंपरेंत कासवाचें स्थान थोर आहे. समुद्रमंथनाच्या वेळीं मंदर पर्वत बुडूं लागला तेव्हां विष्णूनें कूर्मरूप घेऊन तो पाठीवर तोलला, ही कथा सर्वश्रुत आहे. गीतेच्या दुसऱ्या अध्यायांत स्थितप्रज्ञाला उपमा दिली आहे ती अवयव आंत ओढून घेणाऱ्या कासवाचीच. मराठी मनाला मात्र सर्वांत जवळची वाटली ती संतांची कासवी. ती पिलाला अंगाशीं धरीत नाहीं, दूध पाजीत नाहीं. दुरून केवळ कृपादृष्टीनें पाहते आणि तेवढ्यानें पिलूं वाढतें, हा दृष्टांत तुकोबांसारख्या संतांनीं देवाच्या वात्सल्यासाठीं वापरला.

प्राणिशास्त्राला या दृष्टांताचा अर्धाच भाग मान्य आहे. कासवीला दूध नसतें, हें खरें. परंतु ती पिलाकडे पाहतहि नाहीं. मागच्या पायांनीं खड्डा उकरून ती अंडीं घालते, माती लोटून तो बुजविते आणि निघून जाते. पुढें अंड्याला ऊब मिळते ती सूर्याची आणि ओल मिळते ती मातीची. कित्येक जातींत पिलूं नर होणार कीं मादी, हेंहि मातीच्या उष्णतेवर ठरतें. महिना-दोन महिन्यांनीं, कधीं त्याहूनहि उशिरां, पिलूं कवच फोडून वर येतें तेव्हां त्याची वाट पाहणारें कोणी नसतें. पाठीवर पिवळ्या चांदण्या असलेल्या आपल्या तारांकित कासवाचें असें पिलूं जेमतेम दीड इंच लांबीचें असतें. ज्याला आईच ठाऊक नाहीं त्याचा सांभाळ करणारानें आईची नव्हे, तर ऊन, माती आणि ओल यांची उणीव भरून काढावयाची असते. एवढी साधी गोष्ट उमगावयास माणसाला शेंकडों वर्षें लागलीं.

यांत भाषेमुळेंहि एक घोटाळा झाला. मराठींत कासव हा एकच शब्द आहे. परंतु त्यांत तीन निरनिराळ्या संसारांचे प्राणी येतात. ज्याचे पाय हत्तीच्या पायांसारखे खांबाच्या आकाराचे, तें जमिनीवरचें कासव होय. त्याला पोहतां येत नाहीं. खोल पाण्यांत टाकल्यास तें बुडून मरतें. ज्याच्या बोटांमध्यें पडदा असतो तें नदी-तळ्यांतलें. आणि ज्याचे पाय वल्ह्यांसारखे चपटे, तें समुद्रांतलें. नांव एकच असल्यामुळें जमिनीवरच्या पिलाला पाण्याच्या हंड्यांत सोडणारीं आणि पाण्यांतल्या पिलाला कोरड्या खोक्यांत ठेवणारीं घरें आजहि आढळतात. सांभाळाची पहिली पायरी म्हणजे पिलाचे पाय पाहणें, ही होय.

आपल्याकडे पूर्वीं पाळलें जाई तें बहुधा पाण्यांतलें कासव. पाणी स्वच्छ राहावें म्हणून विहिरींत कासव सोडण्याची चाल गांवोगांव होती. किडे, मेलेले बेडूक, शेवाळ खाऊन तें आपलें पोट भरी, आणि माणसाला त्याच्यासाठीं कांहींच करावें लागत नसे. या पाणकासवांपैकीं एका जातीचें शास्त्रीय वर्णन जॉन एडवर्ड ग्रे या इंग्रज पंडितानें १८७२ मध्यें पुण्याहून मिळालेल्या नमुन्यावरून केलें, आणि मुंबई इलाख्यांतील डॉक्टर लीथ यांचें नांव त्या जातीला दिलें. जातींचीं नांवनिशी होत गेली. परंतु पाळलेल्या कासवाला काय हवें, हा प्रश्न कोणास पडला नाहीं.

करवीर दरबारीं प्राण्यांची वाण नव्हती. राजर्षि शाहू छत्रपतींच्या कारकीर्दींत, म्हणजे १८९४ ते १९२२ या काळांत, येथें हत्ती होते, उत्तम घोडे होते, काळविटांच्या शिकारीसाठीं तयार केलेले चित्ते होते. प्रत्येक प्राण्यामागें त्याचा स्वभाव, चारा आणि दुखणें जाणणारीं कसबी माणसें असत. कासवाच्या वांट्याला असा जाणता कधीं आला नाहीं, आणि याचें कारण कासवाच्या स्वभावांतच आहे. हत्ती उपाशी राहिला तर तो दुसऱ्या दिवशीं साऱ्या पेठेला कळवील. कासवाचें पिलूं मात्र उपासमारीनें मरावयास महिनोन्महिने घेतें, आणि त्या सगळ्या अवधींत घरांतील मंडळींस तें शांत व समाधानी भासतें.

या शांतपणाकडे ज्यांनीं बारकाईनें पाहिलें त्यांत सेलबोर्न या इंग्रजी खेड्यांतील धर्मोपदेशक गिल्बर्ट व्हाइट हा अग्रगण्य होय. त्याच्या आत्याच्या अंगणांत टिमथी नांवाचें एक कासव होतें. १७८० मध्यें आत्या निवर्तल्यावर व्हाइटनें तें आपल्या घरीं आणलें. तो त्याला तराजूंत घालून वजन टिपून ठेवी. तें कोणत्या तारखेस जमिनींत शिरलें आणि केव्हां वर आलें, याची नोंद करी. शरदृतूंतील दुबळें ऊन अंगावर नीट पडावें म्हणून कासव भिंतीला टेंकून आपली पाठ तिरपी करतें, हेंहि त्यानें पाहिलें. हीं निरीक्षणें १७८९ मध्यें ग्रंथरूपानें प्रसिद्ध झालीं. त्या वेळीं इकडे महादजी शिंदे आणि नाना फडणवीस यांचा काळ चालू होता. व्हाइट १७९३ मध्यें वारला आणि कासवहि त्याच्या पाठोपाठ गेलें. त्याचें कवच लंडनच्या संग्रहालयांत गेलें, आणि तेथें तपासणी झाली तेव्हां इतकीं वर्षें पुरुषाचें नांव मिरविणारा टिमथी ही मादी होती असें उघड झालें! एवढी सूक्ष्म दृष्टि असलेल्या माणसालाहि जें कळलें नाहीं, तें इतरांस कळलें नाहीं यांत नवल काय?

कासव पाठ तिरपी करून ऊन कां घेतें, याचें उत्तर मिळालें तें माणसाच्या मुलांवरून. पहिल्या महायुद्धानंतर बर्लिनमध्यें मुडदुसानें पाय वांकडे झालेलीं मुलें पुष्कळ होतीं. कुर्ट हुल्डशिन्स्की या डॉक्टरनें १९१९ मध्यें असें दाखविलें कीं, जंबुपार किरण देणाऱ्या दिव्याखालीं बसविल्यास त्या मुलांचीं हाडें पुन्हां घट्ट होतात. पुढें ड जीवनसत्त्वाचा शोध लागला आणि सगळा उलगडा झाला. हे किरण त्वचेवर पडले म्हणजे शरीरांत तें जीवनसत्त्व तयार होतें, आणि त्याच्या साह्यानें अन्नांतील चुना हाडांत मुरतो. कासवाचें कवच हें हाडच आहे. पिलाला ऊन आणि चुना न मिळाल्यास त्याचें कवच बोटानें दाबलें जाण्याइतकें मऊ राहतें, जबडा वांकतो आणि पाय लुळे पडतात. तें कासवाचें मुडदूसच होय. खिडकीच्या साध्या कांचेंतून हे उपकारक किरण जवळजवळ मुळींच येत नाहींत. म्हणून खिडकींत ठेवलेल्या कांचेच्या पेटींत पिलाला ऊन दिसतें, उष्मा तेवढा होतो, पण लाभ होत नाहीं.

दुसरी एक समजूत तर आपल्या डोळ्यांदेखत मोडली. घरांत वाढलेल्या कासवाच्या पाठीवर ओबडधोबड शंकू उठतात, याचा दोष पुष्कळ वर्षें पौष्टिक अन्नावर ठेवला जाई. वीझनर आणि ईबन या शास्त्रज्ञांनीं आफ्रिकेंतील मोठ्या जातीच्या पिलांवर केलेला प्रयोग २००३ मध्यें प्रसिद्ध झाला, आणि मुख्य दोष कोरड्या हवेचा आहे असें दिसून आलें. रानांत पिलूं दिवसाचा बराच भाग पाल्याखालीं किंवा ओलसर बिळांत काढतें. माणूस त्याला कोरड्या खोक्यांत ठेवतो. तारांकित कासवाच्या पाठीवर थोडे उंचवटे मूळचेच असतात, हें मात्र ध्यानांत ठेवावें.

या इतिहासांतून जे नियम निघाले ते थोडके आहेत. जमिनीवरच्या कासवाच्या पिलाला सकाळचें मोकळें ऊन द्यावें, आणि उन्हाशेजारीं सांवलीहि ठेवावी. कोल्हापुरास आषाढ-श्रावणांत आठवडेच्या आठवडे सूर्य दिसत नाहीं. तेव्हां जंबुपार किरणांचा दिवा लागतो. राहण्याच्या जागेचा एक कोपरा ३२ ते ३५ अंश उष्ण व दुसरा सुमारें २५ अंशांचा असावा, म्हणजे पिलूं आपल्या गरजेप्रमाणें जागा बदलतें. एका बाजूस ओलसर माती व पाला असावा. पाण्याची थाळी हनुवटी बुडणार नाहीं इतकी उथळ ठेवावी, आणि आठवड्यांतून दोन-तीनदां पिलाला तशाच उथळ कोमट पाण्यांत कांहीं मिनिटें बसवावें. अन्न म्हणजे मुख्यतः गवत आणि पाला: हरळी, जास्वंदीचीं पानें व फुलें, कांटे काढलेला फड्या निवडुंग. पालकांतील आम्ल चुना अडवून धरतें, म्हणून तो क्वचितच द्यावा. चुन्यासाठीं समुद्रफेसाचा तुकडा जवळ ठेवावा. भात, पोळी, पाव, मांस हीं देऊं नयेत. आणि दूध तर नाहींच नाहीं. आठवड्यास एकदां व्हाइटप्रमाणें वजन करून तें वहींत लिहावें. वजन घटूं लागलें, डोळे सुजले किंवा नाकांतून पाणी येऊं लागलें, तर पिलूं "शांत" आहे असें न म्हणतां पशुवैद्याकडे न्यावें.

मात्र हे नियम पाठ करण्यापूर्वीं, हातांतलें पिलूं घरांत ठेवण्याचा आपल्याला अधिकार आहे काय, हें पाहणें अवश्य आहे. तारांकित कासव हें कोल्हापूरच्या रानांतलें नव्हे. तें गुजरात-राजस्थानांत आणि दक्षिणेंत आंध्र, तामिळनाडू, कर्नाटकाच्या पूर्वभागांत राहतें. तेव्हां येथल्या घरांत आलेलें पिलूं बहुधा कोणीतरी चोरून आणलेलें असतें. २०१५ मध्यें प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनांत दक्षिणेंतील एकाच व्यापारकेंद्राकडे वर्षाला किमान ५५,००० तारांकित कासवें जातात असा अंदाज निघाला. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें या कासवाला संरक्षण होतेंच. २०२२ च्या दुरुस्तीनें, जी १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली, तें पहिल्या अनुसूचींत गेलें. २०१९ मध्यें जिनीव्हा येथील आंतरराष्ट्रीय परिषदेनेंहि त्याचा व्यापार बंद केला. आपल्या नद्या-विहिरींतील कासवेंहि अशींच संरक्षित आहेत. अशा पिलाचा योग्य सांभाळ म्हणजे तें वनखात्याच्या स्वाधीन करणें, हाच होय. तें रंकाळ्यांत किंवा पंचगंगेंत सोडणें म्हणजे दया नव्हे. जमिनीवरचें असेल तर तें बुडेल.

परदेशी कासवांची गोष्ट निराळी असली तरी सोपी नाहीं. कानशिलावर लाल पट्टा असलेलें अमेरिकेंतील पाणकासव दुकानांत नाण्याएवढें दिसतें. पुढें तें ताटलीएवढें होतें, आणि कंटाळून कोणी तळ्यांत टाकलें तर स्थानिक कासवांचें अन्न व ऊन बळकावतें. त्याच्या अंगावरील जंतूंनीं मुलें आजारी पडूं लागलीं, म्हणून खुद्द अमेरिकेनें १९७५ मध्यें चार इंचांहून लहान कासवें विकण्यास बंदी केली. तेव्हां कासवाला हात लावल्यावर मुलांनीं साबणानें हात धुणें हा सांभाळाचाच भाग होय. आफ्रिकेंतील मोठ्या कासवाचें पिलूं तळहातावर मावतें, पण मोठेपणीं तें ५० किलोंच्याहि वर जातें आणि पाळणाराच्या मागें जगतें. अशा परदेशी जातींची नोंद करणें २०२४ च्या नियमांनीं आवश्यक झालें आहे. मुलाच्या वाढदिवसास घेतलेलें पिलूं नातवंडांना सांभाळावें लागेल, एवढा हिशेब घेणारानें आधींच केला पाहिजे.

कासवाच्या पिलावर खरी माया कशी करावी, याचा एक पाठ सह्याद्रीच्या पलीकडे रत्नागिरी जिल्ह्यांत गिरविला गेला आहे. नाना फडणविसांचें मूळ गांव जें वेळास, त्याच्या किनाऱ्यावर समुद्रकासवी अंडीं घालून जातात. पूर्वीं तीं अंडीं उकरून नेलीं जात. चिपळूणच्या सह्याद्रि निसर्गमित्र या संस्थेनें २००२ पासून गांवकऱ्यांना हाताशीं धरून तीं राखावयास आरंभ केला. अंडीं कुंपणाच्या आंत तशाच वाळूंत, तितक्याच खोलीवर पुरतात. दीड-दोन महिन्यांनीं पिलें वर येतात तेव्हां टोपली लाटांपासून थोड्या अंतरावर रिती करतात आणि माणसें बाजूस सरून उभीं राहतात. पिलांना कोणी हात लावीत नाहीं, कोणी पुढें ढकलीत नाहीं. तीं आपल्या पायांनीं पाण्यापर्यंत जातात आणि लाटेंत शिरतात. तोंवर सारा गांव त्यांच्याकडे नुसता पाहत असतो. संतांनीं सांगितलेली ती दृष्टि कासवीजवळ नव्हती. ती माणसानें शिकून घ्यावयाची होती, आणि वेळासच्या मंडळींनीं ती शिकून घेतली आहे.